चामड्याच्या वहीतले घड्याळ

१९०३ साली फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकी अभियंत्याने ‘शॉप मॅनेजमेंट’ हा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात एका विलक्षण वहीचे वर्णन आहे. बाहेरून पाहिली तर खिशात मावणारी, चामड्याच्या वेष्टनातली साधी टिपणवही. आत टिपणांचे कागद, आणि त्यांच्यासोबत एका चौकटीत बसवलेली एक, दोन किंवा तीन स्टॉपवॉचेस. वही डाव्या हातात धरायची आणि वेष्टनावर ठरावीक जागी बोटाने दाबायचे, की घड्याळ सुरू होई. पुन्हा दाबले, की थांबे. समोर काम करणाऱ्या माणसाला एवढेच दिसे, की कोणी साहेब उभ्या उभ्या काही लिहून घेत आहे.

कामगाराला कळू न देता त्याच्या हालचाली मोजता याव्यात, हाच या रचनेचा हेतू होता आणि टेलरने तो लपवलेला नाही. आपल्याला मोजले जात आहे हे कामगाराला समजले तर पुष्कळदा तंटा होईल आणि मोजणीच फसेल, असा त्याचा व्यवहारी हिशेब होता.

कार्यालयाच्या छतावरच्या कॅमेऱ्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. ती या वहीपासून करणे अधिक योग्य. कारण मालकाने पाहावे की नाही, यावर फारसा वाद कधी झालाच नाही. उभ्या राहून कामावर लक्ष ठेवणारा मुकादम सर्व देशांत आणि सर्व काळांत होता. भांडण झाले ते निराळ्या प्रश्नावर. ज्याला पाहिले जात आहे, त्याला ते ठाऊक असायला हवे की नको?

अर्थात, पाहणाऱ्याने स्वतः अदृश्य राहावे ही कल्पना टेलरची नव्हे. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम याचा ‘पॅनॉप्टिकॉन’ इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असतो तो तुरुंग म्हणून: मध्ये मनोरा, भोवती वर्तुळात कोठड्या, मनोऱ्यातून सर्व दिसते, पण मनोऱ्यात कोणी आहे की नाही हे कैद्याला कळत नाही. मिशेल फूकोने १९७५ साली या आराखड्याला आधुनिक सत्तेचे प्रतीक केले आणि तेव्हापासून तुरुंगच सर्वांच्या लक्षात राहिला. मूळ कल्पना मात्र कारखान्यासाठी होती. जेरेमीचा धाकटा भाऊ सॅम्युएल हा रशियन सरदार पोटेम्किनच्या क्रिचेव्ह येथील जहागिरीत (हा प्रदेश आज बेलारूसमध्ये मोडतो) जहाजबांधणी आणि कार्यशाळा सांभाळत होता. मोठ्या उत्साहाने इंग्लंडहून आणवलेले कारागीर त्याला आवरेनात. तेव्हा एकाच जागेवरून सगळ्यांवर नजर ठेवता येईल अशी वर्तुळाकार कार्यशाळा त्याने योजली. १७८६ साली जेरेमी भावाला भेटायला गेला आणि तिथूनच पत्रे लिहून त्याने ही कल्पना तुरुंग, शाळा, इस्पितळ अशी सर्वत्र नेली. म्हणजे पॅनॉप्टिकॉनमध्ये ज्याच्यावर प्रथम नजर ठेवायची होती, तो गुन्हेगार नव्हता. तो पगारी कारागीर होता. क्रिचेव्हची कार्यशाळा उभी राहिलीच नाही. तुर्कांशी युद्ध पेटले आणि बेत बारगळला.

टेलरची वही मात्र कागदावर राहिली नाही. तिच्यामागची पद्धत, म्हणजे कामाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला सेकंद लावायचे आणि त्यावरून मजुरी व बक्षीस ठरवायचे, ही ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ या भारदस्त नावाने पसरत गेली. तिच्याशी सर्वांत गाजलेली झुंज १९११ साली बॉस्टनजवळच्या वॉटरटाउन येथे झाली.

वॉटरटाउनला चार्ल्स नदीच्या काठी अमेरिकी सैन्याचा शस्त्रनिर्मितीचा कारखाना होता. किनारी संरक्षणाच्या प्रचंड तोफांचे गाडे तिथे तयार होत. सैन्याच्या शस्त्रविभागाचे प्रमुख जनरल विल्यम क्रोझियर हे टेलरच्या विचारांनी प्रभावित झाले होते. १९०९ पासून टेलरचा सहकारी कार्ल बार्थ याने तिथल्या यंत्रशाळेत नवी पद्धत बसवायला सुरुवात केली. यंत्रशाळेत कुरबूर झाली, पण काम चालू राहिले. ऑगस्ट १९११ मध्ये स्टॉपवॉच ओतशाळेत शिरले आणि तिथे ठिणगी पडली.

ती ओतशाळेतच का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. यंत्राचा वेग चाकावर आणि पट्ट्यावर ठरतो. साचेकाम हाताचे असते. वाळू किती ओली हवी, ती किती ठासायची, नमुना वाळूतून कोणत्या क्षणी उचलायचा म्हणजे कड ढासळणार नाही, हे सारे बोटांना कळते. वरवर पाहणाऱ्याला जी हालचाल फुकट वाटते, तीच कधी कधी ओतीव वाचवते. घड्याळ घेऊन आलेल्या माणसाला ओतकामाचा फारसा अनुभव नव्हता. कोणत्या हालचाली आवश्यक आणि कोणत्या अनावश्यक, याचा निवाडा मात्र तोच करणार होता.

यातला एक तपशील फार बोलका आहे. साहेबाची मोजणी चालू असताना एका सहकारी कारागिराने आपल्या साध्या घड्याळावर त्याच कामाची वेळ गुपचूप टिपली. साहेबाने ठरवलेल्या वेळेच्या जवळपास दुप्पट वेळ त्या कामाला प्रत्यक्षात लागली होती. पाहणाऱ्याला कोणी पाहत असेल, ही शक्यता चामड्याच्या वहीत धरलेली नव्हती.

त्याच संध्याकाळी साचेकारांची बैठक झाली. कारखान्याच्या लष्करी अधिकाऱ्याच्या नावे त्यांनी एक अर्ज लिहिला. त्याचा सूर पगाराचा नव्हता. आपण सरकारला आजवर उत्तमातले उत्तम काम दिले असताना हातात घड्याळ घेऊन मागे उभे राहणे हा आपला अपमान आहे आणि ही रीत अमेरिकी माणसाला शोभणारी नाही, असे त्यांनी म्हटले. स्टॉपवॉच ताबडतोब थांबवावे, एवढीच मागणी. दुसऱ्या दिवशी पुढच्या कारागिरापाशी घड्याळ आले. त्याने मोजू द्यायला नकार दिला, त्याला कामावरून काढण्यात आले, आणि त्याच्यामागोमाग ओतशाळेतले साचेकार बाहेर पडले. तारीख होती ११ ऑगस्ट १९११.

संप जेमतेम आठवडाभर टिकला. चौकशीचे आश्वासन घेऊन माणसे कामावर परतली. पण कारखाना सरकारी असल्यामुळे प्रकरण थेट अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेले. प्रतिनिधिगृहाने तिघांची खास समिती नेमली. जानेवारी १९१२ मध्ये खुद्द टेलरची साक्ष झाली आणि ती अनेक दिवस चालली. समितीने नवा कायदा करण्याची शिफारस केली नाही. कामगार संघटनांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही आणि मार्च १९१५ मध्ये सैन्याच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या कायद्यात एक अट घालण्यात आली: या पैशातून स्टॉपवॉच घेऊन कामगाराचे वेळमापन करणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार देता येणार नाही. आडवळणाची, पण परिणामकारक बंदी. पुढे तीसहून अधिक वर्षे अशी अट वर्षामागून वर्षे घातली जात राहिली.

त्याच मार्च महिन्यात टेलर फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात वारला. शेवटच्या पहाटे तो आपल्या घड्याळाला चावी देताना ऐकू आला, असे सांगतात. खरे असो वा नसो, गोष्ट रचणाऱ्याला टेलर चांगला कळला होता, एवढे नक्की.

स्टॉपवॉचवर बंदीचे वारे वाहत असतानाच त्याचा वारसदार तयार होत होता. फ्रँक गिलब्रेथ हा मूळचा गवंडी. वीट उचलून बसवायला किती हालचाली लागतात याचा अभ्यास करून त्याने नाव कमावले होते. १९१२ साली प्रॉव्हिडन्स शहरातल्या न्यू इंग्लंड बट कंपनीत त्याने चलच्चित्राचा कॅमेरा कामगारासमोर ठेवला. चित्रचौकटीत एक खास घड्याळ ठेवलेले असे, त्यामुळे प्रत्येक चित्रावर वेळ आपोआप नोंदली जाई. मागच्या पडद्यावर चौकटी आखलेल्या असत, म्हणजे हात किती सरकला हेही मोजता येई. पुढे त्याने कामगाराच्या बोटांना लहान विजेचे दिवे बांधून हाताच्या प्रवासाच्या प्रकाशरेषाही टिपल्या. आजही ती छायाचित्रे पाहिली की डोळे खिळून राहतात.

गिलब्रेथचा दावा टेलरच्या उलट होता. घड्याळ माणसाच्या हातात असते, म्हणून ते चुकते आणि पक्षपातही करते. कॅमेरा तटस्थ असतो आणि चित्रफीत कामगारालाही दाखवता येते. फ्रँक आणि त्याची मानसशास्त्रज्ञ पत्नी लिलियन या दोघांनीही कामगाराच्या सहकार्यावर भर दिला. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही, आणि त्यांचा कॅमेरा तर लपवणे शक्यच नव्हते. तो अवजड होता, प्रखर प्रकाश मागत होता. पण कॅमेरा खोटे बोलत नाही, हे वाक्य पुढच्या शंभर वर्षांत ज्या ज्या मालकाने वापरले, त्या सर्वांना गिलब्रेथची संमती विचारणे त्याला पुरवले नाही.

लपणारा कॅमेरा यायला अर्धे शतक जावे लागले. बंदिस्त दूरचित्रवाणी, म्हणजे आजचा सीसीटीव्ही, पहिल्यांदा वापरली गेली ती दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जर्मनीतल्या पेनेम्युंडे येथे. व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण जवळ उभे राहून पाहणे म्हणजे मरणाशी गाठ, म्हणून वाल्टर ब्रूख या अभियंत्याने कॅमेरे बसवून दूरच्या पडद्यावर दृश्य आणले. त्या काळच्या चित्राची नोंद उरत नसे. पडद्यासमोर माणूस बसलेला असेल तरच पाहणे होई. चित्रफितीवर ध्वनिमुद्रणासारखे चित्रमुद्रण स्वस्त झाले, तेव्हा हे बंधन सुटले. आता पाहणाऱ्याने हजर असण्याचीही गरज उरली नाही. तो उद्या पाहू शकत होता, महिन्याने पाहू शकत होता.

इथून पुढे कथा कारखान्यातून न्यायालयात जाते.

कामाच्या ठिकाणी माणसाला खासगी आयुष्य असते का? १९५० च्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमाने खासगी व कौटुंबिक जीवन, घर आणि पत्रव्यवहार यांना संरक्षण दिले, पण त्यात कार्यालयाचा उल्लेख नव्हता. १९९२ साली जर्मनीतल्या एका वकिलाच्या कार्यालयाची झडती घेतल्याचे प्रकरण स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापुढे आले. न्यायालयाने सरळ विचार केला: माणसे जगाशी नाती जोडतात ती बहुतांशी कामाच्याच निमित्ताने, मग कामाला खासगी जीवनातून वगळायचे कशाच्या आधारावर?

या विचाराची खरी परीक्षा झाली ती ॲलिसन हॅलफर्ड यांच्या खटल्यात. १९८३ साली त्या इंग्लंडच्या मर्सीसाइड पोलीस दलात असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल झाल्या. तेव्हा ब्रिटनमधल्या त्या सर्वांत वरिष्ठ महिला पोलीस अधिकारी होत्या. पुढे वारंवार बढती नाकारली गेली, तेव्हा १९९० मध्ये स्त्री म्हणून भेदभाव झाल्याची तक्रार त्यांनी कामगार न्यायाधिकरणाकडे नेली. त्या खटल्यासाठी आपल्या कार्यालयातला दूरध्वनी वापरण्याची मुभा त्यांना मिळाली होती. तोच दूरध्वनी चोरून ऐकला जात असल्याचा त्यांचा आरोप होता, आणि ऐकणारे कोण, तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती तेच. ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद होता की दूरध्वनी मालकाचा आहे, मग मालकाने तो पूर्वसूचनेविना ऐकला तर बिघडले कुठे? २५ जून १९९७ रोजी न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. आपले बोलणे ऐकले जाऊ शकते अशी कोणतीही सूचना हॅलफर्ड यांना दिलेली नव्हती. म्हणून ते खासगी राहील अशी अपेक्षा बाळगणे वाजवी होते. वस्तू कोणाची, यापेक्षा सूचना दिली होती का, हा प्रश्न निर्णायक ठरला.

नेमक्या त्याच वर्षी, एप्रिल १९९७ मध्ये, अटलांटिकच्या पलीकडे अगदी वेगळा निकाल लागला. पोर्तो रिकोच्या सार्वजनिक दूरध्वनी कंपनीने आपल्या नियंत्रण कक्षात उघड दिसणारे कॅमेरे लावले. ते दिवसरात्र चालत. आवाज टिपत नसत, आणि कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या जागेकडे वळवलेले नव्हते. त्या कक्षातल्या माणसांचे काम काय होते? बेटभरच्या कार्यालयांतून येणाऱ्या धोक्याच्या इशाऱ्यांवर संगणकाच्या पडद्यावरून नजर ठेवणे. पाळत ठेवणाऱ्यांनीच पाळतीविरुद्ध दाद मागितली, असा तो खटला. अपील न्यायालयाने ती मान्य केली नाही. भिंती नसलेल्या, सर्वांना खुल्या अशा कक्षात, कॅमेरे डोळ्यांसमोर असताना, खासगीपणाची अपेक्षा वाजवी ठरत नाही, असे त्याने सांगितले. हे अपील न्यायालय बॉस्टनचे. वॉटरटाउनची ओतशाळा तिथून काही मैलांवर होती. साचेकारांचे घड्याळही डोळ्यांसमोरच होते. त्यांचा अपमान ते दिसत होते म्हणूनच झाला होता. ‘दिसते आहे, मग तक्रार कसली’ हे उत्तर त्यांना पटले नसते.

युरोपात मात्र सूचनेचा धागा पुढे विणला जात राहिला. रुमानियातल्या एका अभियंत्याला, कंपनीच्या कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजर खात्यावरून भावाशी आणि वाग्दत्त वधूशी खासगी बोलणे केले म्हणून, २००७ मध्ये कामावरून काढले होते. ५ सप्टेंबर २०१७ रोजी स्ट्रासबुर्गच्या महापीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी वापराला मनाई असल्याचे त्याला माहीत होते. पण आपली पत्रे प्रत्यक्ष वाचली जातील, किती आणि कोणत्या थरापर्यंत, हे त्याला आधी सांगितल्याचे दिसत नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माँटेनेग्रोच्या विद्यापीठातील दोन गणित प्राध्यापकांनी आपल्या व्याख्यानगृहातल्या कॅमेऱ्यांविरुद्धचा खटला जिंकला, तोही ४ विरुद्ध ३ अशा निसटत्या मतांनी.

आणि मग आला बार्सिलोनाजवळच्या सुपरमार्केटचा खटला, ज्याने हा सगळा धागा ताणून पाहिला.

२००९ साली त्या दुकानाच्या व्यवस्थापकाच्या लक्षात आले की विक्री आणि शिल्लक माल यांचा मेळ बसत नाही. पाच महिन्यांत ८२ हजार युरोंहून अधिक तूट. जूनमध्ये त्याने दोन प्रकारचे कॅमेरे बसवले. काही दारांकडे रोखलेले, उघड दिसणारे. त्यांची कल्पना कर्मचाऱ्यांना दिली. काही गल्ल्यांवर रोखलेले, लपवलेले. त्यांची कल्पना कोणालाच दिली नाही. दहा दिवसांत चित्रण हाती आले: गल्ल्यावरचे कर्मचारी माल यंत्रापुढून सरकवत आणि नंतर बिल रद्द करत, ग्राहक आणि सहकारी माल घेऊन जात. चौदा जणांना काढण्यात आले. त्यांतल्या पाच महिलांनी स्पेनच्या न्यायालयांत हरल्यावर स्ट्रासबुर्ग गाठले.

या प्रकरणाची अडचण ही की त्या निर्दोष नव्हत्या. तत्त्वासाठी लढणारा माणूस स्वच्छ असला म्हणजे वाचकाची सोय होते; इथे ती सोय नाही. दुसरीकडे स्पेनचा विदासंरक्षण कायदाही निःसंदिग्ध होता: ज्याची माहिती गोळा करायची त्याला आधी सांगितले पाहिजे. मालकाने काही कॅमेऱ्यांविषयी सांगून इतर लपवले, म्हणजे त्याला कायदा ठाऊक नव्हता असेही म्हणता येत नाही.

९ जानेवारी २०१८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने महिलांच्या बाजूने निकाल दिला. स्पेनच्या सरकारने प्रकरण महापीठाकडे नेले आणि १७ ऑक्टोबर २०१९ रोजी तो निकाल १४ विरुद्ध ३ मतांनी उलटला. बहुमताने एक उतरंड मांडली. स्वच्छतागृहात किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत खासगीपणाची अपेक्षा सर्वांत जास्त. बंद कार्यालयात तीही मोठी. आणि ग्राहकांची सतत ये-जा असलेल्या गल्ल्यावर बरीच कमी. चित्रण दहा दिवसांचेच होते, ते मोजक्याच लोकांनी पाहिले, संशयाला भक्कम आधार होता आणि तूट मोठी होती. पूर्वसूचना न देणे ही चूक खरी, पण तराजूतले ते एकच वजन. नुसता किरकोळ संशय आहे म्हणून लपवलेला कॅमेरा चालणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. तीन विरोधी न्यायाधीशांना हे पुरेसे वाटले नाही. देशाचा कायदाच पूर्वसूचना सक्तीची करतो आणि ती मोडणाऱ्याला काहीच झळ लागत नाही, तर त्या कायद्याचे मोल काय, असा त्यांच्या मताचा रोख होता.

भारतात हा प्रश्न उशिरा आणि दुसऱ्या वाटेने आला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. मात्र मूलभूत अधिकार मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतो. खासगी कंपनीच्या छतावरच्या कॅमेऱ्यापर्यंत तो आपोआप पोहोचत नाही. ती जागा भरण्याचे काम २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याकडे आले. कायद्याचे पाचवे कलम सांगते, की संमती मागताना कोणती माहिती कशासाठी हवी याची सूचना द्यावी. सातवे कलम संमतीविना माहिती वापरण्याच्या प्रसंगांची यादी देते. त्या यादीत नोकरीशी संबंधित प्रयोजन आहे, आणि मालकाचे नुकसान टाळणे हेही आहे. पाचव्या कलमातली सूचना संमतीच्या मागणीला जोडलेली आहे. जिथे संमती मागायचीच नाही, तिथे ती सूचना देण्याचे बंधनही ते कलम घालत नाही.

टेलरच्या वहीतही सूचनेसाठी पान नव्हते.